सामाईक भिंतीचीं घरें

वारसा हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, देवळें, राजवाडे, निदान एखाद्या सरदाराचा चौसोपी वाडा तरी उभा राहतो. ज्यानें तो बांधविला त्याचें नांव आपणांस ठाऊक असतें, त्याच्या कथा आपण लहानपणीं ऐकलेल्या असतात, आणि त्या दगडांस हात लावतांना त्या कथांनाच आपण स्पर्श करीत आहों असें वाटतें. आज वाचकांपुढें जो वारसा मांडण्याचें आम्ही योजिलें आहे, त्यास असा कोणताच मोठेपणा नाहीं. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील लिव्हरपूल शहरांत गोदीवरील कामगार, खलाशी, पेढ्यांतील कारकून, सुतार, गवंडी अशा मंडळींसाठीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीसएक वर्षांत बांधलेल्या घरांच्या ओळी, हा आमचा विषय आहे. विटांची भिंत, पाटीच्या दगडाचें छप्पर, रस्त्याकडे उघडणारें दार, आणि उजव्याडाव्या बाजूंस अगदीं तसेंच दुसरें घर. अशीं शेकडों घरें एका दोरींत उभीं असतात.

ह्यांत जपण्यासारखें तें काय, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. खुद्द इंग्लंडांतहि तो वर्षानुवर्षें विचारला जात होता, आणि 'कांहीं नाहीं' हेंच त्याचें उत्तर बहुतेकांकडून मिळत असे. त्या उत्तरापायीं ह्या जातीचीं लक्षावधि घरें जमीनदोस्त झालीं. जीं उरलीं त्यांपैकीं कांहींची कथा येथें सांगावयाची आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, ह्या घरांचें मोल एकेका घरांत शोधूं गेल्यास हातीं लागत नाहीं. तें ओळींत आहे. ज्या घराच्या दोन भिंती शेजाऱ्यांशीं सामाईक आहेत, तें घर एकट्यास राखतां येत नाहीं. आणि एकानें तें टाकून दिलें तर शेजाऱ्याचेंहि बुडाल्यावांचून राहत नाहीं.

कायद्यांतून जन्मलेली ओळ

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत लिव्हरपूल हें जगांतील मोठ्या बंदरांपैकीं एक होऊन बसलें. अमेरिकेंतून कापूस येई, लँकेशायरच्या गिरण्यांतलें कापड बाहेर जाई. आणि १८४५ पासून आयर्लंडांत पडलेल्या बटाट्याच्या दुष्काळानें देशोधडीस लागलेले लोक लाखांनीं ह्याच बंदरांत उतरूं लागले. त्यांच्या वस्तीसाठीं जागेच्या मालकांनीं घरांच्या पाठीशीं घरें ठासून भरलीं. मध्यें एक कोंदट चौक, आंत शिरण्यास एक अरुंद बोळ, चौकाच्या टोंकाशीं साऱ्या बिऱ्हाडांस मिळून शौचकूप, आणि हवेस वाट कोठेंच नाहीं, अशी ती रचना होती. जमिनीखालच्या तळघरांतून राहणारीं कुटुंबें आणखी निराळींच. १८३२ व १८४९ सालीं पटकीनें ह्या वस्तीचा घास घेतला.

शहरानें १८४६ सालीं आपल्यापुरता आरोग्याचा एक कायदा पार्लमेंटकडून मंजूर करून घेतला, आणि १८४७ पासून डॉ. विल्यम हेन्री डंकन ह्यांस आरोग्याधिकारी नेमलें. ब्रिटनमधील अशा प्रकारचे ते पहिलेच अधिकारी होत. त्यांच्या जोडीस नेमलेले इंजिनियर जेम्स न्यूलंड्स ह्यांनीं सबंध शहराची मोजणी करून जमिनीखालील गटारांची एकसूत्री योजना आंखली, आणि १८४८ पासून तें काम सुरू झालें. पुढें १८७५ सालीं सर्व देशास लागू होणारा सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाला, व १८७७ सालीं त्यास अनुसरून स्थानिक संस्थांकरितां नमुन्याचे उपनियम प्रसिद्ध झाले. नवा गाडीरस्ता निदान ३६ फूट रुंद असावा. प्रत्येक घरामागें त्याच घराची निदान १५० चौरस फूट मोकळी जागा असावी. भिंतींतून ओल वर चढूं नये म्हणून पायाजवळ पाणी न शोषणारा थर घालावा. सांडपाण्याची नीट सोय असावी. अशीं त्यांत कलमें होतीं. ज्या शहरांचे स्वतःचे जुने कायदे होते, त्यांनींहि थोड्याफार फरकानें हीच वाट धरली.

ह्या कलमांकडे पाहिलें म्हणजे ओळीचा आकार आपोआप उलगडतो. रस्ता सरळ व रुंद कां, तर वारा खेळावा म्हणून. प्रत्येक घरास मागें फरसबंद परसू कां, तर मोकळी जागा सक्तीची होती म्हणून. परसाच्या मागून जाणारी बोळ कां, तर मैला व राख घरांतून न नेतां मागल्या मागें उचलतां यावी म्हणून. वास्तुशास्त्राच्या ग्रंथांत ज्यास सौंदर्य म्हणतात त्याचा विचार फारसा कोणी केलाच नव्हता. पटकीच्या भीतीनें आंखलेला हा आराखडा होता, आणि कष्टकरी माणसालाहि स्वतःचें दार, स्वतःचा नळ व स्वतःचें शौचकूप असावें, ही गोष्ट त्या आराखड्यानें प्रथमच मोठ्या प्रमाणावर घडवून आणली.

विटा आणि पाट्या

कायद्यानें आराखडा दिला तरी माल स्वस्त झाला नसता, तर इतकीं घरें उभीं राहतीं ना. ह्या बाबतींत तीन करांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. काचेवरील कर १८४५ सालीं उठला. १७८४ पासून चालत आलेला विटांवरील कर १८५० सालीं रद्द झाला. आणि १६९६ पासून खिडक्या मोजून आकारला जाणारा कर १८५१ सालीं गेला. सहा वर्षांच्या आंत वीट, काच व उजेड ह्या तिन्ही गोष्टी करमुक्त झाल्या. पुढच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे कोनानें डोकावूं लागली व तिच्या तिन्ही बाजूंस काच बसूं लागली, तें ह्यानंतरच सामान्यांना परवडलें.

१८५८ सालीं जर्मनीतील फ्रीड्रिख हॉफमन ह्यांनीं वर्तुळाकार अखंड भट्टीचें पेटंट घेतलें. ह्या भट्टींत अग्नि कधींच विझत नाहीं. तो एका कप्प्यांतून दुसऱ्या कप्प्यांत फिरत राहतो, आणि एका कप्प्यांतील तापलेल्या विटा निवतांना पुढच्या कप्प्याकडे जाणारी हवा तापवितात. कोळसा वांचला, विटांचा आकार व रंग सारखा येऊं लागला, आणि आगगाडीनें त्या दूरदूर पोंचूं लागल्या. तरीहि प्रत्येक प्रांताची माती आपली ओळख सोडीत नसे. लंडनची जुनी वीट पिंवळसर. लँकेशायरांत ॲक्रिंग्टनच्या बाजूची वीट लालभडक, गुळगुळीत व लोखंडासारखी कठीण. पीटरबरोजवळील फ्लेटन येथें १८८० नंतर सांपडलेल्या चिकणमातींत जळण्याजोगा अंश मूळचाच असल्यामुळें ती वीट भाजावयास कोळसा फारच थोडा लागे. घर बांधणाराहि हिशेबी असे. दर्शनी भिंतीस चांगली वीट, मागल्या भिंतीस साधी. दाराखिडक्यांवर दगडी पट्टी पुढच्या बाजूसच. बोळींतून फिरून घराची मागली बाजू पाहिली म्हणजे मालकाची ऐपत व बांधणाराची काटकसर एकदम कळते.

लिव्हरपूलच्या ओळींत आणखी एका प्रांताचा हात आहे. वेल्स तेथून जवळ, आणि उत्तर वेल्समधील गवंडी, सुतार व ठेकेदार पिढ्यानपिढ्या ह्या शहरांत येऊन बांधकामाचा धंदा करीत. त्यांची वस्ती इतकी मोठी होती कीं, वेल्श लोकांचा काव्यगायनाचा राष्ट्रीय मेळावा १८८४, १९०० व १९२९ सालीं खुद्द लिव्हरपुलांत भरला. रिचर्ड ओवेन्स (१८३१–१८९१) हे त्यांच्यांतलेच वास्तुशिल्पी. त्यांनीं दोनशेंहून अधिक प्रार्थनामंदिरांचे आराखडे केले. आणि टॉक्सटेथ भागांत प्रिन्सेस पार्क नांवाच्या उद्यानाशेजारीं १८७० नंतर ज्या गल्ल्या उठल्या, त्यांचीं घरेंहि त्यांनींच आंखलीं. मॅड्रिन, वोएलास, पॉइस, किनमेल, ग्विदिर अशीं वेल्समधील स्थळांचीं नांवें त्या गल्ल्यांस दिलीं असल्यामुळें लोक त्यांस 'वेल्श गल्ल्या' असेंच म्हणतात. त्यांच्या छपरांवरील पाट्याहि वेल्समधल्याच. आपल्याकडील मुलांनीं ज्या काळ्या दगडी पाटीवर मुळाक्षरें गिरविलीं त्याच जातीचा हा दगड. खाणींत त्याचे पातळ पदर सुटे करून कौलांप्रमाणें एकावर एक चढवीत छपरें झांकीत. माणूस आपल्या गांवचा दगड डोईवर घेऊन परक्या शहरांत राहूं लागला, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

ओळ उभी कशी राहते

ह्या घरांची दर्शनी भिंत बहुधा नऊ इंच जाडीची, म्हणजे एका विटेच्या लांबीइतकी, सलग व भरीव असते. एका थरांत विटेची लांब बाजू व तिचें टोंक हीं आळीपाळीनें दिसतील अशी एक पद्धत आहे. एक थर सगळा लांब बाजूचा व दुसरा सगळा टोंकांचा अशी दुसरी आहे. ही दिखाऊ नक्षी नव्हे. आडवी घातलेली वीट भिंतीच्या पुढच्या व मागच्या पदरास बांधून ठेवते. सांधे चुना व रेतीच्या मालानें भरलेले असतात.

दोन घरांमधील भिंत एकच. छपराच्या तुळया तिच्यावरच टेकतात. दोन्ही घरांच्या आगट्या तिच्या दोन अंगांस पाठीला पाठ लावून बसविलेल्या असतात, आणि दोहोंच्या धुराच्या नळ्या एकाच धुराड्यांतून वर जातात. म्हणून ओळीच्या छपरावर धुराड्यांचे गट ठराविक अंतरानें उभे दिसतात. प्रत्येक घर शेजारच्या घरास आधार देतें व त्याच्यापासून आधार घेतें. दुसऱ्या महायुद्धांत बॉम्ब पडून मधलें एखादें घर नाहींसें झालें, तर दोहों बाजूंच्या घरांस लांकडी टेकू द्यावे लागत, तें ह्यामुळेंच. अशा भिंतीविषयींचे हक्क व कर्तव्यें ठरविणारे नियम लंडनमध्यें फार जुने आहेत. १९९६ च्या कायद्यानें ते सबंध इंग्लंड व वेल्स ह्यांस लागू झाले.

ओळ दुरून एकसारखी दिसली तरी तिच्यांत खंड असतात. बांधणारा ठेकेदार बहुधा लहान भांडवलाचा. तो थोड्या घरांपुरती जमीन घेई, कर्ज काढी, घरें भाड्यानें लावी किंवा विकी, आणि मग पुढच्या घरांस हात घाली. जेथें त्याचें भांडवल संपलें तेथें विटांच्या भिंतींत एक उभा सरळ सांधा राही. पलीकडे दुसऱ्याचें काम सुरू होई, दारावरची कमान किंचित् बदले, खिडकीखालची पट्टी दोन बोटें वरखालीं होई. भिंत वाचतां येणाऱ्यास ही ओळ एखाद्या जमाखर्चाच्या वहीसारखीच वाचतां येते.

घराच्या आंत

आमच्या वाचकभगिनींस ह्या घराच्या अंतर्भागाविषयीं अधिक कुतूहल असेल. दार उघडलें कीं एक चिंचोळी वाट. तिच्या बाजूस पुढची बैठकीची खोली. अगदीं लहान घरांत ती वाटहि नसते, दार थेट खोलींतच उघडतें. मागें राहतें स्वयंपाकघर. तेथें लोखंडी शेगडीवर रांधणें, पाणी तापविणें, कपडे वाळविणें व हिंवाळ्यांत साऱ्या कुटुंबानें बसणें हीं सगळीं कामें होत. त्याच्याहि मागें धुण्याभांड्यांची मोरी, मग परसू, आणि परसाच्या टोंकाशीं शौचकूप. वर दोन किंवा तीन निजावयाच्या खोल्या. मोठ्या घरांत मागल्या बाजूस एक अरुंद पाख काढून त्यांत जादा खोली साधीत, आणि ती शेजारच्या घराच्या तशाच पाखाशीं जोडलेली असे.

पुढची खोली घरांतील सर्वांत चांगली. पण ती आठवडाभर बंद ठेवण्याचा परिपाठ असे. रविवार, पाहुणे, लग्नाची बोलणीं व मृत्यूनंतर अखेरचें दर्शन, इतक्यांपुरतीच ती उघडत. सात माणसें एका स्वयंपाकघरांत दाटीनें राहतील, पण पुढची खोली नीटनेटकी ठेवतील, ह्या हट्टाची सुधारकांनीं पुष्कळ थट्टा केली. आम्हांस मात्र ती थट्टा पटत नाहीं. ज्या कुटुंबाच्या मागील पिढीनें तळघरांत दिवस काढले, त्यास पाहुण्यापुढें उघडावयास एक स्वच्छ खोली असणें ही किती मोठी गोष्ट आहे, हें ज्यानें ओढगस्तीचा संसार पाहिला आहे त्यास सांगावयास नको. दारापुढची दगडी पायरी घरची बाई गुडघे टेकून घांसून काढी, आणि ओळींतील कोणाची पायरी केव्हां घांसली गेली ह्याकडे साऱ्या गल्लीचें लक्ष असे.

नक्षीकाम ह्या घरांवर आहे, पण तें कारखान्यांतून आलेलें. भाजलेल्या मातीच्या फुलापानांच्या फरश्या, दारावरची रंगीत काच, पायवाटेंतील नक्षीच्या टाइल्स, आगटीची ओतीव लोखंडी चौकट, हीं सारीं दुकानदाराच्या नमुन्यांतून निवडून आणीत. म्हणून एके काळीं जाणकार नाकें मुरडीत. परंतु खेड्यांतून आलेल्या माणसाच्या दारावर एक कमळ किंवा एक द्राक्षाचा घोंस उमटावा, एवढ्यानेंहि तें दार दुसऱ्या गल्लीच्या दाराहून निराळें होई, ही गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली नाहीं.

पाडापाडीचीं वर्षें

विसावें शतक उजाडल्यावर ह्या ओळींवर टीकेचा वर्षाव सुरू झाला. उद्यान-नगरांचे पुरस्कर्ते रेमंड अन्विन ह्यांनीं १९१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेंत उपनियमांच्या ओळींचा हिशेब मांडून दाखविला: रस्त्यांवरच इतका पैसा व इतकी जमीन खर्च होते कीं, घरें विरळ बांधून बागा ठेवल्या तरी मोठासा तोटा होत नाहीं. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य होतें. ज्या नियमांनीं हवा आणली त्याच नियमांनीं कंटाळवाणी सरळ रेषहि आणली होती. १९३० च्या कायद्यानें गलिच्छ वस्त्या पाडण्यास जोर आला. मे १९४१ मध्यें लिव्हरपूलवर सात रात्री लागोपाठ बॉम्ब पडले. आणि युद्धानंतर, विशेषतः १९५५ पासून, पाडापाडीनें असा वेग घेतला कीं खरोखर कुजलेल्या चौकांबरोबर नुसत्या जुन्या असलेल्या ओळीहि गेल्या. माणसें शहराबाहेर कर्कबीसारख्या नव्या वसाहतींत किंवा उंच मनोऱ्यांत पाठविलीं गेलीं. त्यांस न्हाणीघर मिळालें, उष्णता मिळाली. पण एका गल्लींतलीं बिऱ्हाडें चार दिशांस पांगलीं. त्या मनोऱ्यांपैकीं कित्येक पुढें तीसचाळीस वर्षांतच पाडावे लागले, आणि शंभर वर्षांच्या विटांच्या ओळी मात्र त्यांच्या शेजारीं उभ्या होत्या.

हळूहळू वारा फिरला. १९५८ सालीं व्हिक्टोरियन काळच्या वास्तूंच्या रक्षणासाठीं व्हिक्टोरियन सोसायटी स्थापन झाली. १९६७ च्या कायद्यानें एकेक इमारत न धरतां सबंध मोहल्ला संरक्षित ठरविण्याची सोय केली. आमच्या मतें ओळींच्या दृष्टीनें हा फार महत्त्वाचा कायदा होय, कारण एकट्या घराच्या नांवानें ओळ कधींच वांचली नसती. १९६९ च्या गृहविषयक कायद्यानें पाडण्याऐवजीं सुधारण्यास पैसा देण्याचें धोरण पुढें आणलें.

दोन मोहल्ल्यांची कथा

तथापि लिव्हरपूलचें दैव निराळें होतें. गोदीचें काम ओसरलें. १९३१ सालीं साडेआठ लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २००१ पर्यंत जवळजवळ निम्म्यावर आली. १९८१ सालीं टॉक्सटेथ भागांत मोठ्या दंगली झाल्या, आणि त्यानंतर ग्रॅनबी मोहल्ल्यांतील व्हिक्टोरियन ओळींना जी कळा लागली ती लवकर सुटली नाहीं. घरें सरकारी मालकीचीं होत, रिकामीं होत, आणि दाराखिडक्यांवर पत्रे ठोकले जात. २००२ सालीं सरकारनें घरांच्या बाजारास चालना देण्यासाठीं उत्तर व मध्य इंग्लंडांत एक मोठी योजना आणली. तिच्यांत पाडकामावर मोठा भर होता, आणि वेल्श गल्ल्याहि तिच्या छायेंत आल्या.

रिकामें घर म्हणजे काय, हें येथें सामाईक भिंतीच्या दृष्टीनें पाहिलें पाहिजे. एक पाटी सरकते. ती कोणी बसवीत नाहीं. पन्हळींत पालापाचोळा साठतो. तो कोणी काढीत नाहीं. पाणी भिंतींत मुरूं लागतें, आणि भिंत तर दोघांची. तुळयांचीं टोंकें दोहों अंगांनीं कुजूं लागतात. चोर येऊन तांब्याचे नळ व छपरावरील शिशाचे पत्रे काढून नेतात. जो शेजारी अजून तेथें दिवा लावून राहिलेला आहे, त्याच्या पलंगाशेजारची भिंत पाहतां पाहतां काळी पडते. मग तपासणारे येऊन सांगतात कीं, ओळ नादुरुस्त आहे, पाडणेंच बरें. ओळीचा नाश अशा रीतीनें आपलें समर्थन आपणच निर्माण करतो.

ग्रॅनबींत उरलेल्या थोड्या रहिवाशांनीं, आणि त्यांत स्त्रियांचा पुढाकार होता, जें केलें तें ऐकण्यासारखें आहे. त्यांनीं केर काढला, ठोकलेल्या पत्र्यांवर रंगीत चित्रें काढलीं, रिकाम्या घरांपुढें कुंड्या मांडल्या, केर्न्स स्ट्रीटवर बाजार भरविला. २०११ सालीं त्यांनीं सामाईक मालकीची एक विश्वस्त संस्था स्थापन केली. 'असेंबल' नांवाच्या तरुण वास्तुशिल्पी मंडळीच्या साहाय्यानें केर्न्स स्ट्रीटवरील दहा घरें दुरुस्त झालीं. पाडकामांतील विटा व पाट्यांचा चुरा मिसळून आगट्यांच्या नव्या चौकटी ओतल्या गेल्या. ह्या कामाबद्दल डिसेंबर २०१५ मध्यें त्या मंडळीस ब्रिटनमधील कलाक्षेत्राचें प्रसिद्ध टर्नर पारितोषिक मिळालें. दोन पडक्या घरांतील मजले काढून तेथें कांचेच्या छपराची एक सार्वजनिक बागहि केली. ती २०१९ सालीं उघडली.

वेल्श गल्ल्यांचा लढा अधिक चिवट झाला. मॅड्रिन स्ट्रीटवरील ९ क्रमांकाच्या घरांत बीटल्स वाद्यवृंदाचे ढोलवादक रिंगो स्टार १९४० सालीं जन्मले होते, म्हणून तेवढें घर व आसपासचीं थोडीं राखून अडीचशेंहून अधिक घरें पाडावयाची, असा बेत पुढें आला. म्हणजे ओळ जाणार, आणि ओळींतील एक कीर्तिमान् घर उरणार! जानेवारी २०१५ मध्यें मंत्री एरिक पिकल्स ह्यांनीं तो बेत फेटाळला. २०१७ पासून दुरुस्ती सुरू झाली. कांहीं ठिकाणीं दोन अरुंद घरें जोडून एक केलें, परसांमधल्या भिंती काढून मागें सामाईक बागा केल्या, आणि घरें पुन्हां भाड्यानें लागलीं.

सर्वच रहिवासी पाडकामाच्या विरुद्ध होते असें मात्र नाहीं, हें न सांगणें अन्यायाचें होईल. कित्येकांस ओल, थंडी व लहान खोल्या ह्यांचा वीट आला होता, आणि नव्या घराच्या आश्वासनावर ते वर्षानुवर्षें वाट पाहत बसले होते. जुन्या भिंतींवर प्रेम करणें हें गरम खोलींत बसलेल्यास सोपें असतें. म्हणून वारसा राखावयाचा म्हणजे आंतल्या माणसाची थंडी आधीं घालविली पाहिजे. नाहींतर तो वारसा त्याच्यावर लादलेला दंडच होय.

डागडुजीचा विवेक

चुन्याचा सांधा विटेपेक्षां मऊ असतो. भिंतींत शिरलेलें पाणी त्या सांध्यांतून हळूहळू बाहेर पडतें, आणि झीज झालीच तर सांध्याची होते. तो पुन्हां भरतां येतो. त्याच दरजा कठीण सिमेंटनें भरल्या कीं पाणी विटेंतच कोंडतें, हिंवाळ्यांत गोठून फुगतें, आणि विटेचा दर्शनी पापुद्रा उडवितें. विटेवर हवाबंद रंग चढविल्यानेंहि भिंतीचा श्वास कोंडतो. ओली भिंत कोरडीपेक्षां अधिक थंड असते, म्हणून कोळसा किंवा वीज अधिक जळते. आंतून ऊब धरणारें अस्तर देतांनाहि वाफ कोठून जाणार ह्याचा विचार आधीं करावा लागतो. पूर्वीं हें केवळ कारागिरीचें शास्त्र होतें. आतां पृथ्वीच्या वाढत्या उष्णतेमुळें तें सर्वांच्या हिशेबाचें झालें आहे. प्रत्येक वीट एकदां कोळशानें भाजलेली आहे; ती मोडून नवी भाजणें म्हणजे तेवढा धूर पुन्हां आकाशांत सोडणें.

दर्शनी रूपाचेंहि तसेंच. एकानें खिडक्या बदलून प्लास्टिकच्या बसविल्या, दुसऱ्यानें भिंतीस दगडाचा खोटा मुलामा दिला, तिसऱ्यानें दारावरची पट्टी फोडली, तर प्रत्येकानें आपल्याच घरांत बदल केला असें त्यास वाटतें. नुकसान मात्र ओळीचें होतें. म्हणून कांहीं भागांत, एरवीं परवानगीवांचून करतां येणाऱ्या अशा बदलांसहि परवानगी सक्तीची करण्याचा अधिकार स्थानिक म्युनिसिपालिटीस दिलेला आहे.

महाराष्ट्राचा एक धागाहि ह्या जातीच्या घरांशीं जोडलेला आहे. लंडनच्या उत्तर भागांतील किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचें घर अशाच एका व्हिक्टोरियन ओळींतील, पण अधिक उंच व सुखवस्तु वस्तींतलें आहे. १९२१–२२ सालीं विद्यार्थी असतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथें राहत. महाराष्ट्र सरकारनें तें २०१५ सालीं विकत घेऊन तेथें स्मारक केलें. राहत्या ओळींतील घराचें संग्रहालय करावें कीं नाहीं, ह्यावर तेथील स्थानिक संस्थेनें हरकत घेतली; प्रकरण चौकशीपर्यंत गेलें, आणि मार्च २०२० मध्यें ब्रिटिश सरकारनें परवानगी दिली. थोर पुरुषाचें घर असलें तरी ओळींतल्या शेजाऱ्याचें म्हणणें ऐकूनच निकाल लागला, ही गोष्ट आमच्या विषयास धरून आहे.

जुलै २०२१ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या एकाच अधिवेशनांत दोन निर्णय झाले. २००४ पासून यादींत असलेल्या लिव्हरपूलच्या गोदी व धक्क्यांचें नांव, नव्या बांधकामांमुळें, यादींतून काढलें गेलें. आणि वायव्य वेल्समधील पाटीच्या दगडाच्या खाणींचें नांव त्याच यादींत दाखल झालें. त्या खाणींच्या दगडानें जीं छपरें झांकलीं, त्या ओळींचें नांव त्यांत कोठेंच नाहीं. त्या वांचल्या आहेत त्या तेथें राहणाऱ्यांच्या हट्टानें.

आतां प्रश्न उरतो तो निराळाच. लंडनमध्यें कामगारांसाठीं बांधलेल्या अशाच ओळींतील घरें जपलीं गेलीं, नांवाजलीं गेलीं, आणि म्हणूनच इतकीं महाग झालीं कीं, ज्यांच्यासाठीं तीं बांधलीं तशीं माणसें आज तेथें राहूं शकत नाहींत. ग्रॅनबीच्या संस्थेनें हें ओळखून विकलेल्या घरांची पुढील किंमत त्या भागांतील लोकांच्या मिळकतीशीं बांधून ठेवली आहे. आमच्या दृष्टीनें दुरुस्त झालेल्या दहा घरांइतकेंच त्या एका अटीचें महत्त्व आहे. वाचकांपैकीं कोणी शिक्षणास किंवा नोकरीनिमित्त त्या देशीं असतील, त्यांनीं एखाद्या सकाळीं अशा ओळीवरून सावकाश चालत जावें; धुराड्यांचे गट मोजावे, विटांतला उभा सांधा शोधावा, बोळींतून फिरून मागली भिंत पाहावी, आणि शक्य झालें तर दाराशीं उभ्या असलेल्या कोणास विचारावें कीं, आपण येथें किती वर्षें आहां, व शेजारीं कोण राहतें. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्या ओळींत चटकन् मिळेल, ती ओळ अजून धड आहे असें समजावें.